पुणे आकाशवाणी म्हणजे फक्त गीतरामायण नाही, १९५६ चं गावोगावच्या श्रोता मंडळांचं कामही लोकांसमोर आणा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत पुणे आकाशवाणीवरचा लेख वाचला. चांगला होता, आईला मोठ्याने वाचून दाखवला, तिलाही आवडला. पण वाचून झाल्यावर वाटलं की आता लिहायलाच पाहिजे, कारण गेली कित्येक वर्षं बघतेय, पुणे केंद्राचा विषय निघाला की गीतरामायण, गदिमा, बाबूजी म्हणजे सुधीर फडके, मग थोडे पुलं आणि झालं, तिथेच विषय संपतो. त्या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, प्रश्न तो नाहीच. पण ह्याच केंद्राने खेड्यातल्या माणसाला बोलतं केलं, त्याचं म्हणणं परत स्टुडिओपर्यंत आणलं, आणि हे काम इतकं मोठं होतं की युनेस्कोने त्याचा अभ्यास केला, त्याच्यावर पुस्तक निघालं, दुसऱ्या देशात तसंच करून बघितलं गेलं. आज पुण्यातल्या शिकल्यासवरल्या माणसालाही हे माहीत नसतं. २ ऑक्टोबर २०२८ ला केंद्राला ७५ वर्षं पूर्ण होतील, तेव्हा परत तेच सत्कार आणि तीच गाणी एवढ्यावर भागू नये म्हणून आत्ताच लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण १९५६ चा भाग ठेवा ही विनंती.

तरुण वाचकांसाठी थोडं आधीचं सांगते. मुंबईत रेडिओ सुरू झाला २३ जुलै १९२७ ला, खासगी कंपनीचा होता, ती कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने तो चालवायला घेतला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चं. फाळणी झाली तेव्हा आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ, म्हणजे मराठी माणसाला त्यातलं जवळचं मुंबई एकच, आणि मुंबईला मराठीबरोबर गुजरातीलाही वेळ द्यावा लागायचा. १९४८ मध्ये नागपूर आलं आणि १९५३ च्या गांधीजयंतीला पुणे. देशावरच्या गावांना आपलं म्हणता येईल असं स्टेशन खरं तर तेव्हा मिळालं.

गीतरामायणाचं थोडक्यातच सांगते कारण सगळ्यांना पाठ आहे. त्या काळात बाळकृष्ण केसकर माहिती मंत्री होते, मूळचे पुण्याचेच, त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली, लोक चिडून रेडिओ सिलोन लावायला लागले. पण त्याच्यामुळे जी जागा रिकामी झाली तिथे भावगीताला, सुगम संगीताला वाव मिळाला हेही खरं आहे. पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते, त्यांनी गदिमांकडे वर्षभर चालेल असं काहीतरी मागितलं, आणि १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी पहिलं गाणं लागलं. आठवड्याला एक अशी ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. पुण्यातले पेपर दर आठवड्याला गाण्याचे शब्द छापायचे, म्हणजे त्या यशात तुमच्या व्यवसायाचाही हात आहे. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तकही काढलं.

आता एक गोष्ट बघा. आज कोणालाही विचारा, गीतरामायण कोणी गायलं, तर उत्तर येतं सुधीर फडके. रेकॉर्डवर तसंच आहे. पण रेडिओवर जे लागलं त्यात माणिक वर्मा होत्या, ललिता फडके होत्या, वसंतराव देशपांडे होते, राम फाटक होते, ज्या पात्राचं गाणं त्याला वेगळा गळा. ते मूळ रूप आणि नंतरची रेकॉर्ड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांना रेकॉर्ड माहीत आहे कारण रेकॉर्ड दुकानात मिळायची. जी सगळ्यात जास्त गाजली त्या मालिकेची ही गत, तर बाकीच्यांचं काय झालं असेल विचार करा. पुणे केंद्रावर स्वरचित्र नावाचा कार्यक्रम असायचा, त्यात राम फाटकांच्या चालीवर भीमसेन जोशींनी भावगीतं गायलीत, ख्याल नाही, भावगीतं. हे सांगितलं तर आजच्या गाणं शिकणाऱ्या पोरांना खरं वाटत नाही.

आता मुद्द्यावर येते. गीतरामायणाची शेवटची गाणी लागत होती त्याच महिन्यांत, म्हणजे १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, ह्याच पुणे केंद्रावरून दुसरं एक काम चालू होतं. मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली होती. प्रत्येक गावात साधारण वीसेक जणांचं एक श्रोता मंडळ, त्याला रेडिओ फोरम म्हणायचे. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास त्यांच्यासाठी खास कार्यक्रम लागायचा, दहा आठवड्यांत असे २० कार्यक्रम झाले. शेती, जनावरं, आरोग्य, शाळा, ग्रामपंचायत असे विषय. आणि खरी गोष्ट रेडिओ बंद झाल्यावर सुरू व्हायची, मंडळी तिथेच बसून बोलायची, हे आपल्याकडे जमेल का, पैसे कुठून आणायचे, कोण करणार, आणि काय ठरलं, काय पटलं नाही, काय विचारायचंय ते चिटणीस लिहून पुण्याला पाठवायचा. पुण्याहून त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची.

ही कल्पना मूळ कॅनडातली, तिकडे शेतकऱ्यांसाठी असे रेडिओ फोरम १९४१ पासून चालायचे, वाचा, ऐका, चर्चा करा, कामाला लागा असं त्यांचं सूत्र होतं. पण कॅनडातला शेतकरी लिहिता-वाचता होता, त्याच्या घरात रेडिओ होता. आपल्याकडे १९५६ ची खेडी डोळ्यासमोर आणा. घरात रेडिओ असणं फार लांबची गोष्ट, वीज नाही, सगळ्या गावात मिळून सरकारने दिलेला एक बॅटरीवरचा सेट, ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नाही. अशा ठिकाणी हे चालेल का हेच बघायचं होतं. युनेस्कोने मदत दिली, आणि तपासणीचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिलं. तिथे तेव्हा पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ बाहेरून शिकवायला आले होते. मूळचे ऑस्ट्रियाचे, हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेला माणूस. तो माणूस पुढे आपल्या गावांतली श्रोता मंडळं अभ्यासत होता, हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर, जे स्वतः हिंदीतले मोठे नाटककार, त्यांनी आणि न्यूराथ यांनी मिळून ह्याच्यावर पुस्तक लिहिलं, ते युनेस्कोने १९५९ मध्ये छापलं.

तपासणी अशी केली होती की फोरम असलेली काही गावं, रेडिओ आहे पण फोरम नाही अशी काही, आणि रेडिओच नाही अशी काही गावं घ्यायची, आणि सुरुवातीला आणि शेवटी लोकांना तेच प्रश्न विचारायचे. फोरमवाल्या गावांत लोकांची माहिती खूपच वाढलेली दिसली, नुसता रेडिओ होता तिथे थोडीशीच, रेडिओ नव्हता तिथे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे नुसता रेडिओ लावून ठेवला तर फार काही होत नाही, माणसं एकत्र बसून बोलली तर होतं. १९५९ पासून हे फोरम देशभर सुरू केले. पुढे १९६४-६५ मध्ये आफ्रिकेत घानामध्ये युनेस्कोने असाच प्रयोग केला. हे सगळं पुण्याच्या स्टुडिओतून आणि आपल्या चावडी-देवळांतून निघालेलं आहे साहेब, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ मी तरी वाचलेली नाही. मी स्वतः शाळेत शिकवलंय म्हणून हे बोलते.

देशभर पसरल्यावर पुढे ह्या मंडळांचा जोर राहिला नाही. ज्याने मूळ काम उभं राहिलं ती गावात जाऊन बसणारी माणसं, पत्रांची उत्तरं देणारी माणसं प्रत्येक ठिकाणी कशी मिळणार. कागदावर मंडळ काढणं सोपं आहे, दर आठवड्याला त्याच्या चिटणीसाच्या पत्राला उत्तर देणं अवघड आहे. मला वाटतं पुण्याच्या त्या दहा आठवड्यांत जे जमलं ते त्या उत्तरांमुळे जमलं.

आणि ती उत्तर द्यायची सवय पुणे केंद्राने नंतरही सोडली नाही, हे मी स्वतःच्या घरावरून सांगू शकते. आम्ही जुन्नरकडचे. वडील कांदा करायचे. एका साली करपा आला तेव्हा त्यांनी केंद्राला पोस्टकार्ड टाकलं, आणि काही दिवसांनी संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात गावाच्या नावासकट त्यांचा प्रश्न वाचला गेला आणि कृषी अधिकाऱ्याने त्याचं उत्तर दिलं. कोणतं औषध, किती पाण्यात, कधी मारायचं. त्या उत्तराचा फायदा आमच्या एकट्याला झाला नाही, शेजारच्या चार गावांत ज्यांचा कांदा होता त्या सगळ्यांना झाला. आता शेतकऱ्याकडे मोबाईल आहे, व्हिडिओ आहेत, ढीगभर माहिती आहे, पण त्यातली कोणती कंपनीची जाहिरात आणि कोणता खरा सल्ला हे कळत नाही. रेडिओवरून बोलणारा माणूस काही विकत नव्हता. आकाशवाणीचा किसानवाणी हा शेतीचा कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे, चांगलं आहे, पण श्रोत्याचा प्रश्न गावाच्या नावासकट घेणं आणि त्याला उत्तर देणं हा त्याचा कणा असायला हवा असं मला वाटतं.

ह्या ग्रामीण विभागात कोण माणसं होती तेही लक्षात घ्या. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमात होते, आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच नोकरी केली. लोक त्यांना कथाकार, कादंबरीकार म्हणून ओळखतात, ते बरोबरच आहे. पण एवढ्या ताकदीचा लेखक रोज शेतकऱ्यासाठी रेडिओवरचं बोलणं तयार करतोय, ते बोलणं कसं असेल? माणदेशात वाढलेला माणूस, त्याच्या कानाला खोटी ग्रामीण भाषा चालली नसती. आज टीव्हीवर गावचा माणूस दाखवायचा म्हणजे काहीतरी वेडंवाकडं हेल काढून बोलतात आणि हसायला लावतात, ते बघून राग येतो. त्यांच्या काळातल्या ग्रामीण कार्यक्रमांचं जे काही उरलं असेल ते मराठी भाषेच्या अभ्यासासाठीसुद्धा सोन्यासारखं आहे. कोणत्या तालुक्यातला माणूस तेव्हा कसा बोलायचा हे पुस्तकातून नाही कळत, ते ऐकावंच लागतं.

बातम्यांचंही सांगायला हवं. सकाळी प्रादेशिक बातम्या लागल्या की आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलायचं नाही. सुधा नरवणे यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, एकेक शब्द स्वच्छ, घाई नाही, ओरडणं नाही. तो पुण्याचा वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचा निर्णय जून २०२३ मध्ये निघाला होता. पुण्यातून खूप विरोध झाला, तेव्हाचे मंत्री अनुराग ठाकूर यांनी काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली. तेव्हा पेपरांनी विषय लावून धरला त्याबद्दल आभार. पण स्थगिती म्हणजे स्थगिती, आज आहे उद्या उठू शकते, आणि दर वेळी आंदोलन करूनच स्टेशन वाचवायचं असेल तर कधीतरी लोक दमतील. ज्या केंद्राचं काम लोकांना माहीत असतं ते बंद करायला कोणी सहज धजावत नाही, म्हणून मी परत परत त्या कामाबद्दल बोलतेय.

एफएम आहे ना मग मीडियम वेव्ह कशाला, असं शहरातले लोक विचारतात. पुण्याचं प्राथमिक केंद्र मीडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झवरचं. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून लांब जाते, डोंगराच्या पलीकडेही पोचते. एफएम सरळ रेषेत जातं, डोंगर आडवा आला की संपलं. आमच्या बाजूला, मुळशी-वेल्ह्याकडे, भोरच्या वरच्या अंगाला डोंगरच डोंगर आहेत. आणि मोबाईल ॲपवर ऐका म्हणणाऱ्यांना सांगायचंय की पावसाळ्यात दोन-तीन दिवस लाईट गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज जाते, तेव्हा सेलवरचा छोटा रेडिओच चालतो. ॲप जरूर असू दे, मीही ऐकते, परदेशातल्या भाच्यालाही तेच सोयीचं आहे, पण ॲप आलं म्हणून लहर काढून घेऊ नका.

आता मागणी काय ते लिहिते.

आधी पुणे केंद्राकडे जुन्या टेपा काय शिल्लक आहेत त्याची यादी लोकांना बघायला मिळू दे. नुसती यादी. माझ्यासारख्या साध्या श्रोत्याला घरबसल्या वाचता येईल अशी यादी मला तरी कुठे सापडली नाही. जुन्या काळी टेप महाग होती, त्याच स्पूलवर पुन्हा दुसरं रेकॉर्डिंग व्हायचं, बरेच कार्यक्रम तर थेट लागायचे आणि हवेत विरून जायचे, त्यामुळे सगळं मिळणार नाही हे मलाही कळतं. पण काय आहे आणि काय गेलं हे तरी कळू दे. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे आता स्वतःचं वेव्हज नावाचं ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू केलं, यूट्यूब आहे, तिथे दिल्लीतलं जुनं संगीत, जुनी भाषणं टाकतात, ती मी ऐकते. तिथेच पुण्याच्या ग्रामीण विभागाचं जे असेल ते टाकावं. संगीताला मागणी आहे म्हणून संगीत आधी आणि शेतीचं नंतर कधीतरी, असं करू नका, कारण संगीताची कॉपी कोणाकडे तरी असते, शेतीच्या कार्यक्रमाची नसते.

दुसरं म्हणजे त्या १९५६ च्या फोरमची कागदपत्रं. चिटणीसांनी पाठवलेले अहवाल, गावांची नावं, विचारलेले प्रश्न. माथुर-न्यूराथ यांचं पुस्तक इंग्रजीत आहे, ते मराठीत आलं पाहिजे, युनेस्कोकडे परवानगी मागायला काय हरकत आहे, विद्यापीठाने हे मनावर घ्यावं. आणि त्या १५० गावांची नावं एकदा तुमच्या पेपरात छापून यावीत. त्या मंडळांत बसलेले तरुण आज नव्वदीच्या आसपास असतील, जे असतील त्यांच्याशी बोलायला आता फार वेळ उरलेला नाही. त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी नाव वाचलं तर कोणाच्या तरी माळ्यावरून एखादी वही, एखादं पत्र निघेल. कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्ट द्या, गावोगावी जातील, त्यांनाही शिकायला मिळेल.

तिसरी मागणी तुमच्याकडेच आहे, केंद्राकडे नाही. सत्तरच्या शेवटी आणि ऐंशीच्या काळात घरोघरी टू-इन-वन आले तेव्हा लोकांनी रेडिओवरून कॅसेटी भरून ठेवल्यात. नाटकं, कीर्तनं, श्रुतिका, स्वरचित्र, बातम्यासुद्धा. त्या कॅसेटी आता चिकटायला लागल्यात, बुरशी धरतेय, काही वर्षांत वाजणार नाहीत. तुमच्या पेपरने एक आवाहन करावं, तालुक्याच्या वार्ताहराकडे कॅसेट जमा करायची, वर नाव, गाव आणि साधारण कोणत्या साली टेप केली ते लिहायचं, पावती द्यायची, कॉपी करून घेऊन मूळ कॅसेट मालकाला परत करायची, आणि कॉपी केंद्राला द्यायची. परत करायची हे महत्त्वाचं आहे, नाहीतर लोक देणार नाहीत, घरातल्या गेलेल्या माणसाने हाताने लिहिलेलं लेबल असतं त्याच्यावर. केंद्रातले निवृत्त इंजिनिअर आणि निवेदक पुण्यात बरेच आहेत, बोलावलं तर येतील अशी मला खात्री आहे, त्यांच्याइतकं ते मशीन कोणाला कळत नाही.

वडिलांनी टेप केलेल्या शेतीच्या कार्यक्रमाच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत. आवाहन छापलंत तर पहिल्या आठवड्यात जुन्नरच्या तुमच्या ऑफिसात मी त्या स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि जुनी श्रोती,
ता. जुन्नर, जि. पुणे